लस दिल्यावर अंगावर काही उठलं, तर आधी तारीख सांगा

लस घेतल्यावर अंगावर पुरळ, चट्टे, गाठ, काहीही दिसलं की लोक आधी फोटो काढून पाठवतात आणि खाली एकच ओळ, "सिस्टर, हे लसीमुळेच झालं ना?" फोटो बहुतेक रात्रीचा, ट्यूबलाइटखालचा, बाळ हात हलवून राहिलं आहे आणि आई एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने काढते, त्यात दिसणार तरी काय. पण फोटो अगदी स्पष्ट आला असता तरी माझा पहिला प्रश्न हाच राहिला असता की लस कोणत्या तारखेला दिली, किती वाजता, आणि हे पहिल्यांदा कधी दिसलं. कारण लसीनंतर चामडीवर जे जे होऊ शकतं त्यातल्या प्रत्येकाची साधारण वेळ ठरलेली आहे, काही मिनिटांत होतं, काही रात्रीतून, काही आठव्या-नवव्या दिवशी, काही दोन महिन्यांनी, आणि जे आपल्या वेळेला आलं नाही ते बहुतेक वेळा लसीचं नसतंच.

मी नागपुरात लसीकरणाच्या कामात आहे. सेशनला बाळं येतात, गरोदर बाया टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, घ्यायला येतात, कुत्रा चावलेले लोक येतात आणि आपल्या शहरात ते काही कमी नाहीत, २०२१ मध्ये कोविडच्या लाइनी पण पाहिल्या. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण काय पाहून घाबरायचं नाही आणि काय दिसलं की कपडे बदलायलाही थांबायचं नाही, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहून राहिली.

आधी पहिला अर्धा तास. लस दिल्यावर आम्ही म्हणतो बसा थोडं, तर लोकांना घाई असते, बाहेर तपन वाढून राहिली, गाडी उन्हात उभी आहे, बाळ तर मस्त खेळतंय मग काहून बसवता. बसवतो ते एका गोष्टीसाठी, तिचं नाव ॲनाफिलॅक्सिस. एखाद्याच्या शरीराला लसीतल्या एखाद्या घटकाची आधीपासून ॲलर्जी असते, आणि हा घटक म्हणजे लसीचा मुख्य भागच असेल असं नाही, लस टिकावी म्हणून घातलेलं जिलेटिन असू शकतं, निओमायसिनसारख्या अँटिबायोटिकचा उरलेला अंश असू शकतो. आपल्या चामडीत, श्वासनळीत, आतड्यात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामीन नावाचं रसायन साठवलेलं असतं, आणि ॲलर्जीचा घटक भेटला की त्या ते भसकन बाहेर सोडतात. चामडीत सुटलं की अंगभर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, श्वासनळीत सुटलं की दम लागतो, आवाज घोगरा होतो, आतड्यात सुटलं की उलट्या आणि पोटात कळा, आणि रक्तवाहिन्या सैल पडल्या की बीपी खाली येतं. हे सगळं मिनिटांत सुरू होऊ शकतं, काहींना तास-दोन तासांनी.

किती वेळा होतं? अमेरिकेत २०१६ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात अडीच कोटींच्या वर डोसच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात ॲनाफिलॅक्सिसच्या पक्क्या केसेस निघाल्या ३३. म्हणजे १० लाख डोसमागे साधारण १.३. इतकं दुर्मीळ आहे, पण ज्याला होईल त्याच्यासाठी पुढची दहा मिनिटं सगळं ठरवतात, म्हणून टेबलावर लसीच्या बाजूला किट ठेवलेलं असतं. त्यात ॲड्रेनॅलिनचे छोटे ॲम्प्यूल, बारीक सिरिंज, सुया, कापूस, आणि कोणत्या वयाला किती द्यायचं तो कागद. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. आपल्याकडे एएनएमला, म्हणजे लस देणाऱ्या सरकारी सिस्टरला, हा पहिला डोस द्यायची परवानगी आहे, डॉक्टर येईपर्यंत वाट पाहायची नसते. तुम्ही विचारलं ना की किट कुठे आहे, तर कोणती सिस्टर रागावणार नाही, उलट विचारायलाच पाहिजे.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. ॲनाफिलॅक्सिस झालेल्या दहा पेशंटमध्ये एक-दोघांच्या चामडीवर काहीच दिसत नाही, त्यामुळे अंगावर पुरळ नाही म्हणजे रिॲक्शन नाही असं समजू नका. आणि दुसरं, शाळकरी पोरी, कॉलेजची मुलं सुई पाहूनच चक्कर येऊन पडतात, ते वेगळं. चक्कर आलेल्याचं अंग पांढरं आणि थंड पडतं, नाडी मंद होते, आडवं करून पाय वर केले की थोड्या वेळात उठून बसतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी पळते, आणि आडवं केल्याने भागत नाही. घरी गेल्यावर गांधी उठल्या आणि सोबत दम, वारंवार उलट्या, आवाज बसणं, बाळ गळून जाणं यातलं एक जरी असलं तर १०८ ला फोन करा किंवा जे दवाखान्याचं दार सर्वात जवळ आहे तिथे जा, मेडिकल की मेयो, म्हणजे आपल्या दोन मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी कोणता, याचा विचार करत बसू नका.

नुसत्या गांधी असतील, ज्याला आपण अंगावर पित्त उठलं म्हणतो, तर ते तेवढं धोक्याचं नसतं, पण दाखवावं. पित्ताची एक ओळख सांगते. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहून ठेवा. पित्त असेल तर ती गांध २४ तासांच्या आत तिथून जाते आणि दुसरीकडे नवीन उठते, मागे डाग राहत नाही. तीच गांध त्याच जागी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पण आहे, दुखते, किंवा जाताना जांभळा डाग सोडते, तर ते साधं पित्त नाही, चामडीच्या डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांत पित्त उठायचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र सर्दी-खोकल्याचे व्हायरस, लस दिली त्याच आठवड्यात पोराला सर्दी पण होती हे आई नेहमी शेवटी सांगते.

आता पहिल्या एक-दोन दिवसांचं. सुईच्या जागी लाल होणं, दुखणं, सूज येणं, हे दुर्मीळ नाहीच, पेंटाच्या, म्हणजे बाळाला देतात त्या पाच आजारांविरुद्धच्या एकत्र लसीच्या, डोसनंतर तर घरोघरी होतं. पण कधीकधी, विशेषतः दीड वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या बूस्टरला, मांडी किंवा दंड पूर्णच सुजतो, कोपरापर्यंत, गुडघ्यापर्यंत. पाहून आईचा जीव जातो. खासगीत 'पेनलेस' म्हणून जी महागडी लस देतात तिच्या चौथ्या-पाचव्या डोसला पण हे होतं, शंभरात दोन-तीन पोरांना, आणि मग घरचे म्हणतात एवढे पैसे देऊन पेनलेस घेतली तरी पाय सुजला. यात पाहायचं काय, तर पोरगं कसं आहे. पाय एवढा सुजला तरी ते त्याच पायावर पळत असेल, ताप नसेल किंवा थोडासाच असेल, तर ही शरीराची जोरात आलेली प्रतिक्रिया आहे, जंतू नाहीत, तीन-चार दिवसांत आपोआप उतरते. अशाला अँटिबायोटिक लागत नाही, तरी खूप पोरांना ते पाजलं जातं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. उलट सूज दोन दिवसांनी वाढतच चालली, हात लावू देत नाही, ताप चढतो, बोटाने दाबलं की आत पातळ हलल्यासारखं लागतं, तर तिथे पू होतो आहे, मग उशीर करू नका.

याच जातीतली पण कारण वेगळं असलेली एक रिॲक्शन मोठ्या माणसांत दिसते आणि तिच्यावर जरा जास्त लिहिते, कारण ती टाळता येते. खिळा लागला, टीटी. गाडीवरून पडला, टीटी. पतंगाच्या मांजाने बोट कापलं, टीटी. मागच्या वर्षी घेतलं होतं का हे कोणी विचारत नाही, पेशंट पण सांगत नाही. होतं काय, की आधीच्या इंजेक्शनांमुळे रक्तात धनुर्वाताविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर असतात, त्यात परत तोच घटक दंडात टोचला की अँटिबॉडी आणि तो घटक एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, हे गोळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. चार ते बारा तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत हात टम्म सुजतो, ठणकतो. याला आर्थस रिॲक्शन म्हणतात, मोरिस आर्थस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये सशांना घोड्याचं सीरम परत परत टोचून हे दाखवलं होतं. काही दिवसांत बरी होते, क्वचित चामडी काळी पडून जखम होते. ज्याला एकदा झाली त्याला पुढे १० वर्षं धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं नसतं, जखम झाली तरी. आणि ज्याचा लहानपणीचा कोर्स पूर्ण आहे त्याला साध्या स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसनंतर १० वर्षं, घाण जखमेसाठी ५ वर्षं परत घ्यायची गरजच नसते. म्हणून टीटी किंवा टीडी घेतलं की मोबाईलमध्ये तारीख लिहून ठेवा, एवढ्याने काम होतं.

बीसीजीचं, म्हणजे टीबीविरुद्धच्या लसीचं, सगळं उलटं. बाकी लसींमध्ये फोड आला तर लोक घाबरतात, इथे फोड येणं हेच बरोबर आहे. जन्मल्यावर डाव्या दंडावर चामडीच्या थरातच ०.०५ मिली देतात, देताना तिथे एक छोटा फुगा येतो, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची चामडी दिसते, आणि तो अर्ध्या तासात बसतो. मग दोन-तीन आठवडे काहीच नाही. घरचे विसरून जातात, आणि नंतर तिथे बारीक दाणा येतो, तो वाढतो, फुटतो, पातळ पाणी-पू येतं, खपली धरते, परत फुटते, असं करत करत सहा ते बारा आठवड्यांत वाळतो आणि गोल डाग राहतो. आता हा दाणा महिन्याभराने दिसला की आजी म्हणते नजर लागली, शेजारीण म्हणते पिकलं, कोणी हळद-तेल लावतं, कोणी दाबून पू काढतं. काहीच करायचं नाही. आंघोळ घाला, कोरडं ठेवा, सुती झबलं घाला. मलम नाही, पट्टी नाही, दाबणं तर मुळीच नाही. डाग आलाच नाही तरी परत बीसीजी द्यायची गरज नाही, जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते.

बीसीजीत खरं लक्ष द्यायची जागा म्हणजे डावी बगल. लसीत जिवंत पण कमजोर केलेले जंतू असतात, ते दंडातून जवळच्या गाठीपर्यंत जातात, तिथे थोडी गाठ येणं साधं आहे. हजारात एक ते दहा हजारात एक एवढ्या बाळांत मात्र ती गाठ दोन ते सहा महिन्यांनी मोठी होते, मऊ पडते, वरची चामडी लाल-जांभळी होते. दुखत नाही, बाळ दूध पितं, वजन वाढतं. अशी गाठ मऊ पडली तर डॉक्टर सुईने पू ओढून काढतात, ब्लेडने चिरत नाहीत, कारण चिरलं की ती जागा महिनोन्महिने वाहत राहू शकते. टीबीच्या गोळ्यांचा या गाठीला सहसा उपयोग होत नाही. पण गाठींसोबत बाळाचं वजनच वाढत नाही, सारखे जुलाब, सारखा न्यूमोनिया, किंवा घरात आधीचं एखादं बाळ लहानपणीच गेलेलं आहे, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, प्रतिकारशक्तीच कमजोर घेऊन जन्मलेल्या बाळांत बीसीजीचे जंतू अंगभर पसरू शकतात. दहा लाखांत एखादी-दुसरी केस, पण ओळखायला उशीर चालत नाही.

तारखेचं महत्त्व सगळ्यात जास्त कळतं ते एमआरमध्ये, म्हणजे गोवर-रुबेलाची लस, नवव्या महिन्यात एक आणि दीड वर्षाला एक. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना एमआर दिली, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं की या लसीने अंगावर गोवर निघतो. लसीतला गोवराचा व्हायरस जिवंत असतो पण कमजोर केलेला, त्याला शरीरात थोडा वाढायला वेळ लागतो, म्हणून पुरळ येणार असेल तर साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतं, शंभरातल्या दोन ते पाच पोरांना, सोबत थोडा ताप. दोन दिवस राहून जातं. खऱ्या गोवरात पोरगं मरगळलेलं असतं, डोळे लाल, नाक वाहतं, खोकला जात नाही. लसीच्या पुरळात पोरगं खेळतं, आणि त्याच्यापासून घरातल्या कोणाला लागण होत नाही. मग कोणी म्हणतं लस दिल्या दिवशी संध्याकाळीच गोवर निघाला, तर ते एमआरचं नाही, तेवढ्या वेळात तो व्हायरस वाढूच शकत नाही. आणि लस देऊन महिना झाला, आता गोवरासारखं पुरळ आलं, तर ते पण एमआरचं नाही. शंका राहिलीच तर लॅबमध्ये व्हायरसचा प्रकार पाहून हा लसीतला की गावातला हे सांगता येतं.

एक गोष्ट मला पुस्तकांबद्दल बोलायची आहे. पुरळाचे बहुतेक फोटो गोऱ्या चामडीवरचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या पोरांवर लाली लाल दिसत नाही, ती तपकिरी, जांभळट, कधी नुसतीच गडद दिसते, आणि मग घरचे म्हणतात लाल कुठे आहे, म्हणजे काही नाही. अशा वेळी हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहा, बाजूच्या चामडीपेक्षा गरम लागते का, ताणलेली आहे का. आणि पुरळ गेल्यावर जे काळे डाग राहतात ते आजार शिल्लक असल्यामुळे नाही, आपल्या चामडीचा रंगच असा उमटतो, काही महिन्यांत फिका होतो, त्यावर स्टिरॉइडची मलमं चोळू नका.

काही पोरांना पेंटा किंवा डीपीटीच्या जागी मांडीत वाटाण्याएवढी टणक गाठ राहते. ती बहुतेक काही आठवड्यांत विरघळते. पण क्वचित ती महिने, वर्षभर राहते आणि खाजते, वरची चामडी काळसर होते, केस जास्त उगवतात. लसीचा असर चांगला व्हावा म्हणून त्यात ॲल्युमिनियमचं संयुग घालतात, काहींच्या चामडीला त्याचीच ॲलर्जी होते. याची गंमतशीर वाटेल अशी खूण म्हणजे पोराला सर्दी-ताप आला की गाठ जास्त खाजते. कापून काढायची गरज नसते, बाकीच्या लसी थांबवायच्या नाहीत, वेळ लागतो पण जाते.

कोविडच्या वेळी 'कोविड आर्म' नावाचा प्रकार बातम्यांत आला होता. मार्च २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १२ लोकांचं वर्णन छापलं होतं, मॉडर्नाची लस घेतल्यावर साधारण आठव्या दिवशी दंडावर मोठा गरम लाल चट्टा, जो आपोआप गेला. आपल्या मोहिमेत ती लस नव्हती, आपल्याकडे मुख्यतः कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन, त्यामुळे तो प्रकार इथे फारसा दिसला नाही. नागीण उठणं, सोरायसिस वाढणं, अंगावर चकंदळं येणं असे रिपोर्ट मात्र जगभरातून आले, थोडेसे.

आता जे खरंच दुर्मीळ आणि खरंच गंभीर ते. एमआर किंवा एमएमआर (हीच लस, पण गालगुंडाचीही जोडलेली) यांच्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, साधारण ३० ते ४० हजार डोसमागे एका मुलात, प्लेटलेट कमी होतात. चामडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके येतात, पायावर जास्त, नाकातून-हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. काचेचा ग्लास चामडीवर दाबून पाहा, साधं पुरळ काचेखाली फिकं पडतं, हे ठिपके तसेच राहतात, कारण रक्त वाहिनीबाहेर आलेलं असतं. त्याच दिवशी दाखवा, रक्ताची तपासणी होईल. बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात, आणि खरा गोवर-रुबेला झाला तर याच्यापेक्षा जास्त मुलांचे प्लेटलेट पडतात हे पण खरं आहे.

आणि स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, १९२२ मध्ये दोन अमेरिकन डॉक्टरांनी वर्णन केलेला. यात चामडीचा वरचा थरच सुटायला लागतो. आधी ताप, अंग दुखणं, डोळ्यांची आग, मग तोंडात ओठात फोड आणि जखमा, चामडीवर मध्ये गडद असलेले गोल चट्टे, आणि मुख्य म्हणजे चामडी खाजत नाही, दुखते. हात फिरवला की पापुद्रा निघतो. हा जिवावरचा आजार आहे, आयसीयू लागतं. पण लसीनंतरच्या केसेस जगात मोजक्या नोंदल्या आहेत, बहुतेक वेळा कारण औषध असतं, फिटच्या गोळ्या जशा कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं, काही पेनकिलर, आणि तेही औषध नवीन सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन महिन्यांत. म्हणून तोंड, डोळे किंवा लघवीची जागा यांवर फोड आले तर ते चामडीचं पुरळ म्हणून मलम लावत बसू नका. दवाखान्यात जाताना गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. लस दिल्याच्या रात्री अंग दुखतं म्हणून गल्लीतल्या दुकानातून जी गोळी आणली, ती कोणालाच आठवत नाही, आणि डॉक्टरांना नेमकी तीच पाहिजे असते.

लसीच्या नावावर जमा होणारं आणखी पण खूप असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, नवतपा सुरू, बाळाच्या मानेत, पाठीवर, चड्डीच्या इलॅस्टिकखाली बारीक दाणे, त्या घामोळ्या. सुईच्या जागेवर बरोबर चौकोनी लाल चट्टा, कडा सरळ रेषेत, ती चिकटपट्टीची ॲलर्जी. नऊ महिन्यांच्या बाळाला तीन दिवस जोरात ताप, ताप उतरला आणि अंगभर गुलाबी पुरळ, तो रोझिओला नावाचा व्हायरल, तो त्याच वयात होतो ज्या वयात एमआर देतात. आणि सगळ्यात दुःख होतं ते घरगुती उपायांनी भाजलेल्या जागा पाहून, कच्चा लसूण ठेचून बांधला की बाळाच्या नाजूक चामडीवर खरोखर भाजल्यासारखे फोड येतात, मग तो व्रण पण लसीच्या खात्यात लिहिला जातो.

म्हणून 'लसीनंतर झालं' आणि 'लसीमुळे झालं' हे तपासायला एक यंत्रणा आहे. आपल्या देशात लसीनंतरच्या त्रासाची नोंद १९८८ पासून ठेवतात. गंभीर केस असेल तर २४ तासांत जिल्ह्याला कळवायचं असतं, मग डॉक्टरांची समिती कागद तपासते, की हे लसीतल्या घटकामुळे, लसीच्या बनावटीतल्या दोषामुळे, देणाऱ्याच्या चुकीमुळे, सुईच्या भीतीमुळे, की योगायोग. देणाऱ्याची चूक हा प्रकार मी हलका करून सांगणार नाही. एमआर आणि बीसीजीची पावडर पातळ केल्यावर ती कुपी ४ तासांत फेकायची असते, कारण त्यानंतर तिच्यात जंतू वाढू शकतात आणि मग एकाच सेशनच्या चार पोरांना पू होतो किंवा त्याहून वाईट. म्हणून आम्ही कुपीवर पेनने वेळ लिहितो. ती वेळ तुम्ही पाहू शकता, तुमचा हक्क आहे. एकाच दिवशी एकाच ठिकाणी लस घेतलेल्या दोन-तीन मुलांना सारखाच त्रास दिसला तर आशाताईला लगेच सांगा, ती माहिती फार मोलाची असते.

आधीपासून चामडीचा आजार असलेल्यांचा प्रश्न नेहमी येतो. देवीच्या लसीच्या काळात ही भीती खरी होती. आजी-आजोबांच्या हातावर जे मोठे खोलगट गोल डाग दिसतात ते त्या लसीचे, आणि इसब असलेल्या मुलात त्या लसीचा जिवंत व्हायरस अंगभर पसरून जीवघेणे फोड यायचे. देवीचा आजार १९७५ मध्ये आपल्या देशातून गेला, १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, ती लसही थांबली. आताच्या बाळांच्या लसींना इसब आड येत नाही, फक्त जिथे चामडी ओलसर, चिघळलेली आहे त्या जागेत सुई द्यायची नाही, दुसऱ्या हाताला किंवा मांडीला द्यायची. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, मोठ्या डोसचं स्टिरॉइड असेल, तर ते मात्र आधी सांगा, कारण जिवंत लसी तेव्हा थांबवाव्या लागतात.

पुढच्या डोसचं काय? ॲनाफिलॅक्सिस झालं असेल तर तीच लस परत नाही, मोठ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अजिबात नाही. स्टीव्हन्स-जॉन्सनचा संशय असेल तरी तसंच. प्लेटलेट पडले असतील तर बालरोगतज्ज्ञ रक्त पाहून ठरवतील. बाकी पाय सुजला, दाणे आले, गाठ आली, थोडं पित्त उठलं, एवढ्यावरून पुढचा डोस सहसा बंद करत नाहीत, फक्त देणाऱ्या सिस्टरला आधी सांगा म्हणजे ती दुसऱ्या पायाला देईल आणि जास्त वेळ बसवेल. आणि कुत्रा चावलेल्यांनी तर पुरळ-खाजेच्या भीतीने रेबीजचे डोस मध्येच सोडायचेच नाहीत, कार्डावर लिहिलेले पुढचे सगळे डोस पण घ्यायचे, रिॲक्शनवर औषध देता येतं, रेबीज झाल्यावर देता येत नाही.

त्रास कळवायला लस दिली ते केंद्र, आशाताई, कोणताही सरकारी डॉक्टर चालतो, आणि १८००-१८०-३०२४ हा देशपातळीवरचा फुकट नंबर पण आहे, ऑफिसच्या वेळेत लागतो. फोन करताना लसीकरण कार्ड हातात ठेवा, त्यावर लसीचं नाव आणि तारीख असते, बॅच नंबर लिहिला नसेल तर केंद्राच्या रजिस्टरमधून मागून घ्या. फोटो काढायचा तो दिवसा, खिडकीजवळ, एक जवळून आणि एक लांबून, बाजूला नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच जागेचा. औषधांच्या रिॲक्शनची नोंदही याच नंबरवर होते, तेव्हा गोळीवर शंका असेल तर तिचं पाकीट फेकू नका.